पाठीचा टीबी, बारा महिने आणि जमेची बाजू

८ डिसेंबर २०२५ ला सकाळी साडेसहाला मी टीबीच्या शेवटच्या चार गोळ्या घेतल्या. हे सगळं लिहून काढायचं असं त्याच्या कितीतरी आधी ठरवलं होतं, कारण वर्षभरापूर्वी पलंगावर आडवी पडून मोबाइलवर ‘पाठीचा टीबी’ असं मराठीत शोधायचे तेव्हा एकतर डॉक्टरी भाषेतली माहिती सापडायची नाहीतर कुणाचे तरी पाय गेल्याच्या गोष्टी. मला एवढंच हवं होतं की आपल्यासारख्या कुणा बाईने हे पार केलंय का, तिचे दिवस कसे गेले, पैसे किती लागले आणि ती रात्री रडायची का. तर हो, मी रडायचे. बाकीचं सांगते.

आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मी, नवरा, मुलगा (तेव्हा आठवीत) आणि सासूबाई. मी एका शाळेत गणित शिकवते. जुलै २०२४ मध्ये शाळा सुरू झाल्यावर पाठ दुखायला लागली, ब्लाउजच्या खालच्या काठाच्या जरा खाली, बरोबर मधोमध. दिवसभर उभं राहणं, त्यात इंदूरचे पावसाळ्यातले खड्डे आणि ॲक्टिव्हा, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही, मलापण नाही. एक्स-रे काढला, चारशे रुपये, नॉर्मल. फिजिओथेरपीची दहा सिटिंग झाली, साडेतीनशेला एक. व्हिटॅमिन डी झालं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली. दुखणं गोळी घेतली की दोन तास जायचं आणि रात्री परत यायचं, आणि इथेच मी चुकले. साधी पाठ दुखते ती आडवं पडल्यावर थांबते, माझी झोपल्यावर वाढायची. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, थर्मामीटर नव्याण्णव दाखवायचा म्हणून आपण ताप म्हणायचोच नाही. वजन ५२ वरून ४६ वर आलं तर स्टाफरूममध्ये सगळ्या जणी विचारायला लागल्या की काय डाएट करतेयस, आणि मला छान वाटायचं. हे तिन्ही एकत्र असेल, म्हणजे रात्रीचं दुखणं, बारीक ताप आणि कारण नसताना वजन उतरणं, तर प्लीज थांबू नका. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, हे मला चार महिन्यांनी कळलं.

दिवाळीत पाडव्याला दारात रांगोळी काढायला खाली बसले आणि उठताच येईना. नवऱ्याने आणि मुलाने दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. मग मात्र मणक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोटाने एकच जागा दाबली, मी ओरडले, आणि त्यांनी एमआरआय लिहून दिला. १४ नोव्हेंबरला झाला, साडेसात हजार. रिपोर्टमध्ये डी-११ आणि डी-१२ या दोन मणक्यांची नावं, मधली चकती खराब, बाजूला पू साठलेला, आणि शेवटी लिहिलेलं ‘कॉक्स’. मला वाटलं कॅन्सरच्या एखाद्या प्रकाराचं नाव आहे. नवऱ्याने पार्किंगमध्येच मोबाइलवर शोधलं. कॉक्स म्हणजे टीबी. रॉबर्ट कॉक या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये हा जंतू शोधला म्हणून डॉक्टर लोक पेशंटसमोर टीबी न म्हणता कॉक्स म्हणतात. आम्ही गाडीत दहा मिनिटं नुसते बसून होतो. शेवटी तो म्हणाला, “चल, घरी आई वाट बघत असेल.”

पण एमआरआयवर नुसतं दिसून चालत नाही, जंतू पकडून दाखवावा लागतो. सीटी स्कॅनमध्ये बघत बघत सुईने पाठीतून नमुना काढतात. त्याची तारीख मिळाली २८ नोव्हेंबर, म्हणजे दोन आठवडे नुसतं थांबणं. सगळ्या तपासण्या धरून अकरा हजार लागले. इथे एक अगदी कामाची गोष्ट, डॉक्टरांनी आधीच सांगितली होती म्हणून आमचं निभावलं: नमुन्याच्या दोन बाटल्या करायला सांगा, एक फॉर्मॅलिनमध्ये आणि एक साध्या सलाइनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये घातलेल्या नमुन्यातले जंतू मरतात, मग त्यावर कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) होत नाही आणि सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू झटपट ओळखणारी तपासणी, पण त्यावर नीट करता येत नाही. तिथला मुलगा सगळं एकाच बाटलीत टाकायला निघाला होता, माझा नवरा मध्ये पडला. परत सुई टोचून घ्यायची वेळ आली असती.

सीबीनॅट ३० तारखेला आलं. टीबी आहे, आणि रिफॅम्पिसिनला रेझिस्टन्स नाही, म्हणजे नेहमीच्या औषधांनी बरा होणारा. डॉक्टर म्हणाले, “ही चांगली बातमी आहे.” मला त्या दिवशी त्यात काहीही चांगलं दिसलं नाही. पण आज मागे वळून बघताना वाटतं की जमेच्या बाजूला मांडायला मिळालेली पहिली गोष्ट तीच होती, फक्त तेव्हा मला मांडता येत नव्हतं.

औषधं सरकारकडून फुकट मिळतात आणि घ्यावीतच, असं प्रायव्हेट डॉक्टरांनीच सांगितलं. ६ डिसेंबरला आमच्या भागातल्या टीबी केंद्रावर गेलो. मी मागच्या सीटवर आडवी. आधार कार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, मोबाइल नंबर, एमआरआय आणि सीबीनॅटचे रिपोर्ट, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स न्या, एकात भागत नाही. वजन केलं, शुगर आणि एचआयव्हीची तपासणी झाली (सगळ्यांचीच करतात, घाबरू नका), आणि निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा नंबर, मिळाला. तो नंबर मोबाइलमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे लिहून ठेवा, पुढे वर्षभर सगळीकडे तोच विचारतात. काही अडलं तर १८००-११-६६६६ ही टीबीची फुकट हेल्पलाइन आहे, मी दोनदा वापरली. तिथल्या दीदींनी गोळ्यांची स्ट्रिप हातात देत सांगितलं, “सुबह खाली पेट, तीनों एक साथ. आधी अभी, आधी बाद में, ऐसा नहीं करना.” गोळ्या वजनावर ठरतात, ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. लघवी केशरी होईल हेही त्यांनीच सांगितलं, आणि बरं झालं, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूममध्येच बसून राहिले असते. ती रिफॅम्पिसिनमुळे होते, तिचं काही नाही.

९ डिसेंबर, सोमवार, पहिला डोस. आणि त्याच दिवसापासून दोन महिने आडवं. टेलर ब्रेस म्हणून खांद्यापासून कमरेपर्यंतचा पट्टा असतो, २८०० रुपयांचा, तो घातल्याशिवाय उठायचं नाही, आणि उठायचं फक्त बाथरूमपुरतं. कुशीवर वळायचं तर सगळं अंग एकदम, लाकडाच्या ओंडक्यासारखं, कंबर पिळायची नाही.

तो डिसेंबर फार वाईट गेला. जीव सकाळपासून मळमळायचा, बिनपगारी रजा सुरू झालेली, मुलाची परीक्षा आणि मी छताकडे बघत. लोक फोन करायचे आणि सगळे एकच म्हणायचे, पॉझिटिव्ह रहा. मला समजायचंच नाही की म्हणजे नक्की काय करायचं. पोहे कर म्हटलं तर पोहे कसे करायचे ते मला माहीत आहे, पॉझिटिव्ह रहा म्हटलं तर उठून कुठला डबा उघडायचा? त्यात शिकवणीला येणारी एक मुलगी होती, आडवी पडूनसुद्धा मी तिला शिकवू शकले असते, पण तिच्या आईने निरोप पाठवला की आता नको. पाठीचा टीबी, छातीत काही नसेल तर, श्वासातून किंवा खोकल्यातून पसरत नाही. माझा छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. हे मी किती जणांना सांगितलं असेल, काहींना पटलं, काही हो हो म्हणून परत आले नाहीत.

आणि घरात सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळं केलं. काही बोलल्या नाहीत, नुसतं फडताळातल्या खालच्या फळीवर बाजूला ठेवलं. मला ते सगळ्यात जास्त लागलं. नवरा चिडला, डॉक्टरांशी त्यांचं फोनवर बोलणं करून दिलं, त्यांनी ऐकून घेतलं, पण ताट खालीच राहिलं.

आता कॅलेंडरबद्दल. १ जानेवारीला नवं कालनिर्णय आलं. आमच्याकडे दुधाचा हिशोब त्यावरच असतो, ज्या दिवशी दूध नाही त्या चौकोनात खाडा. मी सारखी आज कितवी तारीख, कितवी तारीख विचारायचे म्हणून मुलाने ते त्याच्या परीक्षेच्या पॅडला लावून माझ्या उशाशी आणून ठेवलं, आणि बरोबर पेन. मी गोळी घेतली की बरोबरची खूण करायची असं ठरलं. पण उताणं झोपून वरच्या बाजूला धरून लिहिलं की बॉलपेन चारच अक्षरं चालतं, शाई खाली उतरत नाही. तर त्याने पेन्सिल आणली, तिला सेलोटेपने खोडरबर बांधला. तीन तारखेपर्यंत नुसत्या खुणा आहेत. चार जानेवारीला खुणेशेजारी लिहिलंय, ‘ऊन पलंगापर्यंत आलं’. का लिहिलं ते आठवत नाही. थंडीचे दिवस, सकाळी नऊच्या सुमारास खिडकीतून एक पट्टा यायचा आणि त्या दिवशी तो सरकत माझ्या पावलांवर आला, एवढंच. पाचला लिहिलं, ‘गोळ्या उलटल्या नाहीत’. सहाला, ‘याने डाळ-तांदूळ केलं, बरं झालं होतं’, म्हणजे नवऱ्याने.

त्या चौकोनात एकच गोष्ट मावते आणि तीही चार शब्दांत. मला वाटतं म्हणूनच ते टिकलं. कुणी मला छान वही देऊन कृतज्ञता लिही म्हटलं असतं तर मी आरोग्य, कुटुंब, देव असं एकदा लिहून वही मिटली असती. इथे जागाच नव्हती. मग मी आपोआप दिवसभर शोधायला लागले की आज काय लिहायचं, आणि ती शोधायची सवय हाच सगळा फायदा, लिहिणं नंतरचं. माझे नियम दोनच होते, आज घडलेलं पाहिजे आणि खरं पाहिजे. ‘आजारपणाने मला खूप शिकवलं’ असलं एकही वाक्य त्यात नाही. आजाराबद्दल मला कसलीही कृतज्ञता वाटली नाही, आजही वाटत नाही, आणि ती वाटायलाच हवी असं कुणी तुम्हाला म्हणालं तर मनावर घेऊ नका. तक्रार करायची असेल तर ती नवऱ्याजवळ मोठ्याने करायचे, तो ऐकायचा. पुढे वाचनात आलं की २००३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या दोघांनी यावर अभ्यास छापला होता, त्यात एक गट स्नायूंच्या आजाराच्या पेशंटचा होता, त्यांनी तीन आठवडे रोज अशा गोष्टी लिहिल्या आणि त्यांचा मूड सुधारला, झोपसुद्धा चांगली लागायला लागली. झोपेचं मला लगेच पटलं. दिव्याचं बटण बंद करण्याआधी शेवटचा विचार ईएसआरचा (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) असण्याऐवजी डाळ-तांदळाचा असेल तर फरक पडतोच.

१३ जानेवारी, भोगी. हा चौकोन मी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय. पाच आठवडे माझ्या केसांना पाणी लागलं नव्हतं. भोगीला डोक्यावरून न्हायचं असतं, आणि मी सकाळपासून तोंड भिंतीकडे करून पडले होते. अकराच्या सुमारास सासूबाई खोलीत आल्या, हातात बादली, मग, आणि जुन्या टेबलावरचं प्लास्टिक. मला म्हणाल्या, “सरक जरा वर, डोकं कडेला घे.” मुलाने पाय धरून मला सगळी एकदम वर सरकवली, ओंडक्यासारखी. मानेखाली गुंडाळलेला टॉवेल, त्याखाली प्लास्टिक, त्याचं टोक बादलीत. त्या खाली पाटावर बसल्या, ७४ वर्षांच्या, गुडघे दुखतात त्यांचे, आणि कोमट पाण्याने हळूहळू केस भिजवायला लागल्या. तीळ वाटून आणले होते. बोटांनी एक-एक गुंता सोडवत होत्या आणि मध्येच, अगदी सहज, म्हणाल्या, “आमचा दादा गेला ना टीबीने, बासष्ट साली. मी अकरा वर्षांची. वर्ष-दीड वर्ष इंजेक्शनं चालली होती. त्याची भांडी आई राखेने घासून उन्हात ठेवायची आणि मला त्या खोलीत जायची बंदी. मी गेलेच नाही गं त्याच्याजवळ.” मी उताणी, त्या माझ्या डोक्याशी, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पाणी कानात जाऊ नये म्हणून त्यांनी तळहात आडवा धरला होता, तेवढा दिसत होता, आणि तो थरथरत होता. तीस वर्षांत त्यांनी हा दादा कधी कुणाजवळ काढला नव्हता, नवऱ्यालाही माहीत नव्हतं. दुपारी बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आली आणि म्हणाल्या, “न खाई भोगी तो सदा रोगी. संपव सगळं.” भाजी स्टीलच्या नेहमीच्या ताटात होती. चौकोनात लिहिलं, ‘आईंनी केस धुतले’. ताटाबद्दल लिहायला जागा उरली नाही.

त्याच सुमारास कल्चरचा रिपोर्ट पण आला, त्याला सहा आठवडे लागू शकतात, सगळी औषधं लागू पडणारी होती. जानेवारीअखेर मळमळ वाढली म्हणून लिव्हरची तपासणी केली, एसजीपीटी ६८. डॉक्टर म्हणाले नॉर्मलच्या तिपटीच्या आत आहे, चालू ठेवू, दहा दिवसांनी परत बघू, आणि परत केली तेव्हा ४१ आली. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका, फोन करा. मात्र डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ॲसिडिटीची गोळी टीबीच्या गोळ्यांबरोबर घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे, हे मला महिनाभर कुणी सांगितलंच नव्हतं. फेब्रुवारीत चार औषधांची गोळी बदलून तीन औषधांची झाली. त्यातल्या एथॅम्ब्युटॉलने नजरेवर, विशेषतः लाल-हिरव्या रंगांवर परिणाम होऊ शकतो म्हणून डोळे तपासून घेतले. मी रोज सकाळी कॅलेंडरवरच्या लाल तारखा बघून स्वतःची परीक्षा घ्यायचे.

पोषणाचे पैसे हा एक वेगळाच धडा. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार रुपये झालेत, आधी पाचशे होते, ते थेट खात्यात येतात. माझे येईनात. माझं खातं लग्नाआधीचं, माहेरच्या नावाने, आणि आधारवर सासरचं नाव. दोन्ही जुळत नाहीत म्हणून सिस्टम उडवून लावायची. बँकेत नवरा तीनदा गेला, प्रत्येक वेळी वेगळा कागद, शेवटी लग्नाचं सर्टिफिकेट आणि मी स्वतः हजर पाहिजे असं सांगितलं. पट्टा घालून गेले, १० मार्चला. बसायची परवानगी दहाच मिनिटांची होती म्हणून उभी राहिले. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे बघितलं, उठला, आतली रांग सोडून माझा फॉर्म स्वतः भरला आणि सही घ्यायला बाहेर आला. पहिले तीन हजार महिनाअखेर आले. त्या दिवशी चौकोनात तीन हजार नाही, तो मुलगा आहे. तुमचं लग्नानंतर नाव बदललं असेल तर केंद्रावर जायच्या आधीच नवऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या नावाचं, आधारशी जुळणारं खातं तयार ठेवा, दोन महिने वाचतील.

मार्चपासून बसणं सुरू झालं. दहा मिनिटं, आठवड्याने पंधरा, मग वीस. रंगपंचमीला, १९ तारखेला, टीव्हीवर राजवाड्याची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, लावली होती, मी बसून बघितली, वेळ झाली की मुलगा गजर दाखवायचा. तेव्हा फिजिओने विचारलं की तुम्हाला कुठवर जायचंय, काहीतरी ठरवा. इंदूरच्या मराठी माणसाला सानंद या आमच्याकडच्या मराठी संस्थेची नाटकं म्हणजे काय ते सांगायला नको, आमचं चौघांचं वर्षानुवर्षं सभासदत्व, आणि त्या वर्षी माझी खुर्ची दर वेळी रिकामी जात होती. म्हटलं, मला एक अख्खं नाटक बसून बघायचंय. ती म्हणाली, अडीच तास? बघू.

याच काळात मी चौकोनांचा दुसरा उपयोग सुरू केला. दर रविवारी पुढच्या आठवड्यातल्या एका दिवशी, अगदी फिकट पेन्सिलने, एक गोष्ट आधीच लिहून ठेवायची. ‘गुरुवारी दादा येणार’ (माझा भाऊ, देवासहून), ‘शनिवारी गॅलरीत चहा’. घडलं तर त्यावरच गडद गिरवायचं. नाही घडलं तर खोडून त्या दिवशी जे घडलं ते लिहायचं. सगळं ठीक होईल यावर माझा विश्वास बसत नव्हता, एवढं मोठं मनाला पेलतच नव्हतं. पण शनिवारी गॅलरीत चहा पिऊ यावर बसायचा. आशा मला एवढ्याच मापाची झेपली, आणि तेवढी पुरली.

मे महिन्यात मात्र ती पण गेली. १२ तारखेच्या रात्री पाठ परत तशीच दुखायला लागली, त्याच जागी. मला खात्रीच झाली की औषधं फेल गेली. १२ ते २२ मे, अकरा चौकोनांत फक्त गोळीची खूण आहे, शब्द नाही. अकरा दिवस खाडा. गोळ्या मी एकही दिवस चुकवल्या नाहीत, पण लिहायला काही दिसतच नव्हतं आणि खोटं लिहायचं नाही असं ठरलेलं. डॉक्टर म्हणाले व्यायाम वाढवल्यामुळे स्नायू दुखतायत, ताप नाही, वजन वाढतंय, ईएसआर सुरुवातीला ८८ होता तो २४ आहे, मग कशाला घाबरता. तरी भीती लगेच गेली नाही. २३ तारखेला सासूबाईंनी पन्हं आणून दिलं आणि कॅलेंडर हातात घेऊन, चष्मा लावून, स्वतःच लिहिलं, ‘पन्हे. वेलची जास्त’. त्यांचं अक्षर, काना-मात्रा ठळक. तिथून परत सुरू झालं. ते अकरा रिकामे चौकोन मी भरले नाहीत, राहू दिले.

जूनमध्ये सहा महिन्यांचा एमआरआय, परत साडेसात हजार. सूज कमी, पू जवळजवळ नाही. वजन ५२, म्हणून गोळ्या तीनच्या चार झाल्या. मणक्याचा टीबी सहा महिन्यांत संपत नाही, बारा महिने तरी लागतात, काहींना दीड वर्ष, हे मनाशी आधीच धरून ठेवा म्हणजे सहाव्या महिन्यात निराश होणार नाही. १ जुलैला शाळेत परत जायचं होतं तर फिटनेस सर्टिफिकेटशिवाय ‘संसर्ग नाही’ असंही सर्टिफिकेट मागितलं, त्यासाठी तीन खेपा झाल्या. रागही आला. पण वर्गात गेले तर मुलांनी फळ्याशेजारी उंच खुर्ची आणून ठेवली होती, तिच्या पाठीला उशी बांधलेली.

६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. इंदूरच्या मिलच्या झाक्या, म्हणजे रात्रीच्या मिरवणुकीतले दिव्यांचे देखावे, मी लहानपणापासून बघतेय, वडील रात्रभर खांद्यावर घेऊन उभे राहायचे. यंदा जेल रोडजवळच्या नातेवाइकांच्या गॅलरीत बसून चाळीस मिनिटं बघितल्या. हुकुमचंद मिल बंद पडली १९९१ मध्ये, कामगारांना त्यांचे पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी झाकी काढायची थांबवली नाही. दिवे बघताना मी नवऱ्याला म्हटलं की बघ, बत्तीस वर्षं. तो म्हणाला, तुझे तर नऊच महिने झालेत. आम्ही दोघंही एकदम गप्प झालो, पण चांगल्या अर्थाने.

डिसेंबरचा शेवटचा एमआरआय अगदी स्वच्छ नाही आला. मणक्यांचा आकार थोडा बदललाय, तो तसाच राहणार, आणि हाडातले बदल एमआरआयवर बरेच महिने दिसत राहतात, त्यावरून आजार आहे असं समजायचं नाही, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. केंद्रावर ‘ट्रीटमेंट कम्प्लीट’ अशी नोंद झाली, तिचा कागद मागून घ्या, शाळेत मला परत लागला. आता दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायचं. मला आजही वाकून काही उचलता येत नाही, थंडीत पाठ धरते, आणि दुखलं की छातीत धस्स होतं, ते काही गेलेलं नाही. एकंदर खर्च पन्नास हजारांच्या आसपास, त्यात टीबीच्या औषधांचे शून्य.

परवा, जानेवारीत, सानंदमध्ये आमच्या सभासद ग्रुपसाठी नाटक होतं. कडेची खुर्ची मागून घेतली, पाठीशी छोटी उशी, बॅगेत पाण्याची बाटली. पहिला अंक मी सगळा बसून बघितला. मध्यंतरानंतर पाठ भरून आली, म्हणून दुसरा अंक मागे भिंतीला टेकून उभ्याने बघितला, आणि थोड्या वेळाने सासूबाई उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हटलं आई, तुमचे गुडघे. त्या म्हणाल्या, “गप्प बस, ऐकू दे.” नव्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात दोन शब्द आहेत, ‘नाटक, पूर्ण’.